‘मंडळी’ वेगळी, ‘मिशन’ वेगळं

रविवारी उपासनेच्या आधी दारात उभं राहून येणाऱ्याच्या हातात गीतांचं पुस्तक द्यायचं काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. नवीन माणूस लगेच ओळखू येतो. चपला काढायच्या की नाही हे तो दुसऱ्यांच्या पायांकडे बघून ठरवतो आणि शेवटच्या बाकाचं टोक पकडतो. उपासना संपून चहाचा कप हातात आला, थोडी भीड चेपली, की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला मोकळेपणाने: “तुमच्या मिशनच्या शाळेत आमच्या पोराची ॲडमिशन होईल का?” दुसरा जरा आवाज उतरवून: “तुम्हाला बाहेरून पैसे येतात ना?”

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. आमच्या नगरकडे (आता अहिल्यानगर) ख्रिस्ती म्हटलं की तोंडात ‘मिशन’ येतं. मिशनचा दवाखाना, मिशन हायस्कूल, मिशन कंपाउंड, मिशनचा बंगला. मग चर्चही मिशनचंच असणार, असं लोक धरून चालतात. आत बसलेले आम्ही मात्र स्वतःला ‘मंडळी’ म्हणतो. हा नुसता शब्दांचा फरक नाही. कुणाकडे काय मागायचं आणि कुणाला कशाचा जाब विचारायचा, हे सगळं त्यावर ठरतं.

‘मंडळी’ हा शब्द मराठी कानाला इतका घरगुती आहे की नवीन माणसाला त्यात धर्माचं काही जाणवतच नाही. ‘काय मंडळी, जेवणं झाली का?’ असं आपण सहज म्हणतो. जुन्या पिढीतला नवरा तर ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ म्हणायचा, तेव्हा ती मंडळी म्हणजे त्याची एकटी बायको! मराठी बायबलमध्ये हाच शब्द ग्रीक ‘एक्लेसिया’साठी बसवला आहे. एक्लेसिया म्हणजे ग्रीक नगरांतली नागरिकांची सभा, बोलावून एकत्र आणलेली माणसं. तेव्हा मंडळी म्हणजे इमारत नव्हे. इमारतीला चर्च म्हणा, प्रार्थनामंदिर म्हणा; जुनी माणसं सरळ देऊळ म्हणत. उद्या इमारत पडली तर मंडळी चिंचेखाली सतरंजी टाकून बसेल आणि तरी मंडळीच राहील.

‘मिशन’ लॅटिनमधून आलं, मुळात अर्थ ‘पाठवणं’. पाठवलेल्या माणसाला मराठी ख्रिस्ती ‘प्रेषित’ म्हणतात, तोही याच अर्थाचा शब्द. पाठवणं आलं की पाठवणारा आला, काम आलं आणि, हे लोक विसरतात, परत बोलावणंही आलं. मंडळीला विचारायचा प्रश्न ‘तुम्ही कोण कोण?’ मिशनला विचारायचा प्रश्न ‘कुणी पाठवलं, कशासाठी, आणि कधीपर्यंत?’

आमच्या भागात पाठवणारे होते अमेरिकेतल्या बॉस्टनचे. तिथल्या मिशनरी पाठवणाऱ्या बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 मध्ये मुंबईला उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नकोच होते. मिशनऱ्यांमुळे लोक बिथरतील आणि व्यापार बिघडेल, अशी तिला धास्ती. तरी ते टिकले आणि त्यांच्या कामाला ‘अमेरिकन मराठी मिशन’ हे नाव पडलं. 1831 मध्ये मिशनने अहमदनगरला ठाणं केलं. ठाणं हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण मिशनचा कारभार तसाच चालायचा. कोण कुठे राहणार, कुणाला पगार किती, कुठली शाळा चालू ठेवायची आणि कुठली बंद करायची, हे मिशनरींच्या बैठकीत ठरायचं आणि त्याचे अहवाल बोटीने बॉस्टनला जायचे.

त्या शाळांत आणि दवाखान्यांत येणारे बहुतेक लोक मंडळीत कधी आले नाहीत, आणि ते यावेत अशी अटही नव्हती. सिंथिया फॅरार या अमेरिकन बाई 1827 मध्ये मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. त्यांची शाळा पाहून जोतिराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शिक्षणाचा विचार पक्का झाला. फुले मंडळीत आले नाहीत, पण मिशनची शाळा त्यांच्यापर्यंत पोहोचली. मिरजेला डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलात लांबलांबून माणसं ऑपरेशनला जायची आणि बरी होऊन आपापल्या देवांकडे परत यायची. मिशनचं वर्तुळ असं मोठं आणि विरळ असतं. मंडळीचं लहान असतं, आणि दाट. इतकं दाट की कुणाच्या घरी कुणाची कोंबडी शिरली यावरून दोन घरं वर्षभर वेगवेगळ्या बाकांवर बसतात.

आता गंमत अशी, की मिशन कायमचं राहायला आलंच नव्हतं. बॉस्टनच्या बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन आणि लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एक सूत्र मांडलं: स्थानिक मंडळी स्वतःचा खर्च स्वतः करणारी, स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी आणि स्वतः सुवार्ता (येशूचा संदेश) सांगणारी झाली पाहिजे; तशी झाली की मिशनने पुढच्या गावी निघावं. व्हेन यांनी तर यासाठी ‘मिशनचं सुखमरण’ असा शब्द वापरला होता. आपल्याच संस्थेच्या मरणाची योजना आखणारे चालक आज शोधून सापडायचे नाहीत.

कागदावर सोपं वाटलं तरी ते तसं झालं नाही. पगार देणारा हात आणि उपदेश करणारं तोंड एकाच माणसाचं असलं की मंडळीला स्वतःच्या पायावर उभं राहणं जड जातं. ही गाठ सर्वांत स्पष्ट दिसते ती कवी नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला मिशनच्या कामात राहिले, शिकवलं, लिहिलं, आणि आजही आमच्या उपासनेत त्यांची पदं पेटी-तबल्यावर म्हटली जातात. पण 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, येशूला मानणारे सगळे त्यात चालतील असं त्यांनी ठरवलं. मिशन सोडणारा माणूस ख्रिस्ताला सोडत नाही, हे तेव्हा मराठी मुलखाला पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं असावं. त्यानंतर दोनच वर्षांत ते गेले. दरबार त्यांच्यामागे फार फोफावला नाही, पण त्यातला मुद्दा राहिला.

कागदोपत्री वळण यायला 1970 उजाडावं लागलं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्यात आधीच गेल्या होत्या ती युनायटेड चर्च, असे सगळे. परदेशी मिशनऱ्यांची घरं रिकामी होत गेली. शाळा-दवाखाने ट्रस्टांकडे गेले. पाट्यांवरचा ‘मिशन’ शब्द तेवढा राहिला, आणि लोकांच्या जिभेवर राहिला तो वेगळाच.

आमच्याही जिभेवर राहिला, हे कबूल करायला हवं. माझ्या लहानपणी देवळाचं छप्पर गळायचं. दर पावसाळ्यात तिसऱ्या बाकाखाली बादली ठेवायची आणि वडीलधाऱ्यांनी म्हणायचं, “मिशनला कळवलंय.” कुठल्या मिशनला? बंगल्यात राहणारं शेवटचं गोरं कुटुंब कधीच मायदेशी गेलं होतं. बादली मात्र चारेक पावसाळे हलली नाही. शेवटी मंडळीतल्याच एका गवंड्याने रविवारच्या सभेत उठून विचारलं, “पत्रे किती लागतात ते तरी मोजूया का?” मोजले, वर्गणी काढली, दोन महिन्यांत छप्पर झालं. मिशन गेलं आणि मंडळी उरली, हे आमच्या गावाला त्या गवंड्यामुळे कळलं असं मी मानतो.

म्हणजे पैशाच्या प्रश्नाचं उत्तर निम्मं इथेच आलं. पाळकांचा (म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा) पगार, वीजबिल, झाडलोट हे सगळं मंडळीच्या दानातून चालतं. उपासनेत मखमली पिशवी फिरते तेव्हा त्यात दहाची नोट पडते, कधी पाचशेचीही. काही घरं नेमाने दशमांश देतात. पण खरी मजा कापणीच्या सणाला, ज्याला सगळे ‘हार्वेस्ट’च म्हणतात. शेतातलं, परसातलं जे असेल ते लोक वेदीसमोर आणून ठेवतात: ज्वारीची कणसं, शेपूची जुडी, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपासना झाली की लिलाव. मागच्या खेपेला एक तांबडा भोपळा सहाशेला गेला. घेणाऱ्याने तो लगेच परत दिला, मग दुसऱ्यांदा चारशेला गेला, आणि तिसऱ्यांदा बोली लागायच्या आत तो आमच्या खजिनदार बाईंनी सरळ काखोटीला मारला, कारण भाजी करायची होती. ही मंडळीची अर्थव्यवस्था! परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेला केंद्र सरकारकडे परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेच्या खात्यातच यावा लागतो. आमच्या मंडळीचं खातं आहे ते गावातल्या बँकेत, आणि पासबुक खजिनदार बाईंच्या पर्समध्ये.

नावावरून मात्र फसू नका. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना आसरा दिला, त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. नाव मिशन, पण पाठवणारी बाई इथलीच, मराठी बोलणारी. आणि त्या आवारात राहणाऱ्या बायकामुलींची उपासना करणारी मंडळीही तिथेच घडली. एकाच भिंतीच्या आत दोन्ही. तिथे कुणी विचारलं की हे काय आहे, तर ‘दोन्ही’ हे खरं उत्तर आहे.

वसईकडच्या कॅथलिकांचं गणित आणखी वेगळं. तिथली गावं पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती, त्यांच्या एककाला म्हणतात धर्मग्राम, म्हणजे पॅरिश. ‘मिशन’ म्हणाल तर वसईचा माणूस दुसरीकडे कुठेतरी बोट दाखवील, जिथे अजून धर्मग्राम व्हायचं आहे तिकडे. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी, मिशन संडेला, तोच त्या कामासाठी पैसे काढतो. त्याच्या लेखी मिशन म्हणजे आपण जिथून आलो ते नव्हे, जिथे माणसं पाठवायची ते.

आणि हाच अर्थ मला मुळाला जवळचा वाटतो. कॅथलिक लोक ज्या उपासनेला मिस्सा म्हणतात, तो शब्दही ‘पाठवणं’ याच लॅटिन धातूचा. जुन्या लॅटिन उपासनेच्या शेवटी लोकांना ‘आता निघा’ म्हणून निरोप द्यायचे, त्या वाक्यातला एक शब्द उचलून सगळ्या विधीचंच नाव पडलं. आमच्याकडे शेवटी पाळक हात उंचावून आशीर्वाद देतात. आत बसलेली असतात ती मंडळी. त्यानंतर जी नर्स ड्यूटीवर जाते आणि जो मुलगा वस्तीत शिकवणी घ्यायला जातो, ते मिशन. त्यासाठी बंगला लागत नाही.

तर नव्याने येणाऱ्याने काय लक्षात ठेवायचं? उपासनेला येऊन बसलं म्हणजे धर्मांतर झालं असं अजिबात नाही. कुणी तुमचं नाव लिहून घेत नाही. निवेदनांच्या वेळी ‘पाहुण्यांचं स्वागत’ म्हणतील, तेव्हा वाटलं तर उभे राहा, नाहीतर बसून राहा. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण, असेल त्या रविवारी भाकर आणि प्याला आमच्याकडे बाप्तिस्मा आणि दृढीकरण (श्रद्धेची जाहीर कबुली देण्याचा विधी) झालेलेच घेतात. तुम्ही जागेवर बसलात तर कुणाला खटकत नाही. पिशवीत काही टाकायची सक्ती नाही. सभासद व्हायचं मनात आलंच तर पाळकांशी बोलणं, शिकवण, मग बाप्तिस्मा, असा तो सावकाश रस्ता आहे. पुढे रजिस्टरात नाव आलं की वार्षिक सभेत मत आणि त्या सभेतली भांडणं, दोन्हींवर तुमचा हक्क.

शाळेचं म्हणाल तर ती चालवतो ट्रस्ट. तिथले बरेचसे शिक्षक मंडळीतले नाहीत, आणि आमच्या पाळकांच्या चिठ्ठीने तिथे कुणाला जागा मिळत नाही. मिळत असती तर माझ्याच भाच्याला मिळाली असती. ऑफिस सोमवारी उघडतं, जन्माचा दाखला घेऊन जा. चहा मात्र मंडळीचा आहे, आणखी अर्धा कप घ्या.