हळदीत नाचताना सगळे आपल्याकडेच बघतात?

हळदीला डीजे लागला की हातात पाण्याची बाटली धरून कोपऱ्यात उभे राहणारे बरेच असतात, कारण लहानपणापासून ऐकलेलं, जरा चुकलं की सगळे बघतात आणि लक्षात ठेवतात. वाटणं साहजिक आहे, मीपण त्याच कोपऱ्यातला.

पण तसं होत नाही. धडधड, घाम सगळं आपल्याला आतून जाणवतं आणि आपण धरून चालतो की बाहेरून पण तेवढंच दिसतंय. अमेरिकेत 2000 साली छापून आलेल्या एका प्रयोगात कॉलेजच्या मुलांना एका गायकाचा चेहरा छापलेला, लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं साधारण निम्म्या लोकांनी टीशर्टवरचा चेहरा ओळखला असेल, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनाच सांगता आलं. म्हणजे कोणीच बघत नाही असं नाही हां, बघतात, पण आपल्या अंदाजापेक्षा बरेच कमी.

तपासायचंय? मागच्या लग्नात कोणाकोणाची स्टेप चुकली ते आठवून बघा, मग स्वतःची आठवा, आणि सोबतच्या दोघातिघांना विचारा त्यांना तुमची आठवते का. मी बहिणीला विचारलं तर म्हणे, तू नाचला होतास?