मेट्रोपोलिस : समकालीन संदर्भ

फ्रिट्झ लँग दिग्दर्शित जर्मन विज्ञानमूकपट. पटकथा थेआ फोन हार्बू यांची. (पुढे त्यांनी बेळगाव भागातील मराठी पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी विवाह केला.) पहिला खेळ बर्लिन येथे १० जानेवारी १९२७ रोजी झाला. कथाकाल २०२६ असल्याचे सर्रास लिहिले जाते. मूळ जर्मन चित्रपटात मात्र वर्षाचा उल्लेख नाही, म्हणून ते गृहीत न धरणे बरे.

पहिल्या खेळाची लांबी ४,१८९ मीटर होती. मिनिटांत हा आकडा वेगावर अवलंबून असतो : सेकंदाला २४ चौकटींनी सुमारे १५३ मिनिटे, २० चौकटींनी सुमारे १८३. त्यामुळे प्रतींची तुलना मीटरमध्येच करावी. त्याच वर्षी पटाचा सुमारे चौथा हिस्सा कापला गेला. अमेरिकी आवृत्तीत संशोधक रोटवांगच्या हेल या मृत प्रेयसीचे उपकथानकच गळाले. परिणामी रोटवांगने घडवलेला यंत्रमानव केवळ कामगारांची जागा घेणारे यंत्र ठरला आणि अनेक दशकांचे विवेचन या छाटलेल्या कथेवर उभे राहिले.

२००८ मध्ये ब्युनोस आयर्स येथील चित्रपट संग्रहालयात १६ मिमी. रुंदीच्या फितीवरची निगेटिव्ह सापडली. तिच्यात हेलच्या स्मारकाचे दृश्य आहे. रोटवांगला आपली गेलेली प्रेयसी परत हवी होती, हे त्यातून पडद्यावर दिसते. मृतांचा चेहरा व आवाज संगणकाने पुन्हा उभा करण्याच्या आजच्या प्रयत्नांशी हे कथासूत्र अधिक जुळते. कामगारांचा विश्वास असलेल्या मारियाचा चेहरा यंत्राला देऊन कामगारांना चिथावण्याचा प्रसंग ‘डीपफेक’च्या (संगणकाने बनवलेल्या खोट्या चेहऱ्या-आवाजांच्या) चर्चेत वारंवार येतो, तेथेही फसवणूक यंत्राची नसून ते वापरणाऱ्या फ्रेडरसेन या शहराच्या मालकाची आहे, ही बाब निसटू नये. दहा तासांच्या पाळीत पेटत्या दिव्यांवर काटे जुळवत राहणारा कामगार यंत्राने ठरवलेल्या गतीच्या कामाचे आजही सर्वांत नेमके चित्र आहे.

सापडलेली प्रत ३५ मिमी.वरून उतरवलेली असल्याने मूळ प्रतीवरचे ओरखडे तिच्यात चित्राचाच भाग बनून छापले गेले. ते पूर्ण पुसता येत नाहीत. चौकटीच्या कडाही कापल्या गेल्या, म्हणून २०१० च्या जीर्णोद्धारित आवृत्तीत त्या जागी काळी पट्टी दिसते. दृश्यांचा क्रम लावताना चित्रपटाचे संगीतकार गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांच्या संगीतलिपीतील हजाराहून अधिक खुणा उपयोगी पडल्या. कॅथेड्रलमधील साधूचे प्रवचन आणि फ्रेडरसेन–रोटवांग झटापट अद्याप अनुपलब्ध असून ती मजकुराच्या पाट्यांवर भागवली आहेत.