आम्ल कापतं, कॉस्टिक तासतं: कोळंबीच्या सालीची रसायनकथा

ओल्या कचऱ्याचं काय करायचं, याची आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात: खत करा, नाहीतर बायोगॅस. उरलेल्या भात-भाजीसाठी याहून चांगलं काही नाही. पण ससून डॉकवर किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला पडणाऱ्या कोळंबीच्या सालींनाही हाच न्याय लावला, की रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाचा जीव कळवळतो.

कोळंबी सोलली की डोकं आणि साल धरून वजनाचा चाळीस-पन्नास टक्के भाग बाजूला पडतो. जगभरात कोळंबी, खेकडे आणि शेवंडांच्या कवचांचा कचरा वर्षाला 60 ते 80 लाख टन निघतो, असा 2015 मधला अंदाज आहे. या कवचात तीन मुख्य गोष्टी असतात: प्रथिनं, चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि कायटिन. खरा ऐवज तिसरा.

कापसातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबलचक साखळी, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. कायटिन जवळपास तीच साखळी. फरक इतकाच, की प्रत्येक कडीच्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिलऐवजी नायट्रोजन बसलेला असतो आणि त्या नायट्रोजनला अॅसिटिल गट (दोन कार्बनचा छोटा तुकडा) चिकटलेला असतो. हवेतला नायट्रोजन संयुगात अडकवायला खतकारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. इथे तो साखरेच्या कडीवर आयताच बसवून मिळतो, आणि आपण तो उकिरड्यावर फेकतो.

आता हे कायटिन बाहेर काढायचं कसं? पहिली पायरी घरी करून बघता येते. खेकड्याच्या डेंग्याचं रिकामं कवच पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका. बारीक बुडबुडे सुटू लागतात. चुनखडी विरघळते आहे आणि कार्बन डायऑक्साइड निघतो आहे. एक-दोन दिवसांनी कवच हातात घेतलं, तर आकार तोच, पण दाबलं की वाकतं. कारखान्यात व्हिनेगरऐवजी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात आणि प्रथिनं काढायला सौम्य कॉस्टिक सोडा. मागे उरतं ते कायटिन. पाण्यात विरघळत नाही, व्हिनेगरमध्ये विरघळत नाही, सहजासहजी कशालाच दाद देत नाही.

इथून पुढचा भाग मला फार आवडतो. साखळीत दोन प्रकारचे बंध आहेत: कडीला कडी जोडणारे, आणि नायट्रोजनला अॅसिटिल जोडणारे. आम्लाचा पहिला घाव कड्यांमधल्या जोडांवर पडतो. तेच जोड अल्कलीपुढे, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या पदार्थापुढे, मात्र टिकून राहतात; अल्कली अॅसिटिलच्या बंधावर हल्ला चढवते. म्हणजे आम्ल साखळी कापतं, कॉस्टिक तिला तासतं. कायटिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तापवलं, तर साखळीचे तुकडे-तुकडे होऊन ग्लुकोसामाइन, म्हणजे सुटी कडी, मिळतं. तेच 40-50 टक्के कॉस्टिकमध्ये शंभर अंशांच्या आसपास काही तास ठेवलं, तर साखळी बरीचशी शाबूत राहते, फक्त अॅसिटिल गळून पडतात. हे झालं कायटोसान. चार्ल्स रुजे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्येच अल्कलीत कायटिन उकळून पाहिलं होतं आणि नवा पदार्थ सौम्य आम्लात विरघळतो, हेही त्याच्या लक्षात आलं होतं.

का विरघळतो? अॅसिटिल गेल्यावर नायट्रोजनची इलेक्ट्रॉनजोडी मोकळी होते. सौम्य आम्लात ती एक प्रोटॉन पकडते आणि कडीवर धन प्रभार येतो. शेजारची कडीही धन, तिच्या पलीकडचीही. त्या एकमेकींना ढकलतात, साखळ्या सुट्या होतात, मध्ये पाणी शिरतं. निसर्गात धनभारित बहुवारिकं (लांब साखळीचे रेणू) फार थोडी आहेत. कायटोसानची सगळी किंमत या प्रभारात आहे. रक्तपेशींचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, त्यामुळे जखमेवर कायटोसान ठेवलं की पेशी त्याला चिकटून गोळा होतात आणि रक्तस्राव थांबतो. अशा पट्ट्या अमेरिकी सैन्याने इराक-अफगाणिस्तानात वापरल्या. सांडपाण्यातले ऋणभारित रंगही त्याला असेच चिकटतात.

तासणं मात्र कधीच एकसारखं होत नाही. कोळंबीच्या कायटिनमध्ये शेजारच्या साखळ्या एकमेकींच्या उलट दिशेने, हायड्रोजन बंधांनी घट्ट रचलेल्या असतात. कॉस्टिक आधी सैल जागी घुसतं, स्फटिकी भागात उशिरा. त्यामुळे एकाच कारखान्यातल्या दोन घाण्यांचा मालही वेगळा निघू शकतो. माकूल साफ करताना पाठीतून जी पारदर्शक पट्टी निघते, तीही कायटिनचीच, पण तिच्यात साखळ्या एकाच दिशेच्या आणि सैल असतात. ती लवकर तासली जाते.

आता थोडं गोळ्यांबद्दल. गुडघेदुखीवर विकलं जाणारं ग्लुकोसामाइन बहुतांशी कवचांपासूनच बनतं. ते कशापासून बनलं हे डबीवर लिहिलं नसेल, तर कट्टर शाकाहारी मंडळींनी जरूर चौकशी करावी. 2006 मध्ये अमेरिकेत दीड हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत एकूण रुग्णांचा हिशेब केला, तेव्हा ते लुटुपुटुच्या गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. 'चरबी शोषून घेणाऱ्या' कायटोसान कॅप्सूलने वजन उतरतं म्हणावं, तर तो फरकही नगण्यच. रेणू गुणी आहे, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवावं असं नाही.

'कचऱ्यातून सोनं' या मथळ्यांखाली आणखी एक गोष्ट सहसा येत नाही. एक किलो कायटोसान काढायला टनभराहून जास्त पाणी लागतं, आणि आम्ल-कॉस्टिकचा निचरा नीट केला नाही, तर एक कचरा मिटवून दुसरा केला असं होतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कायटिन-कायटोसानची पद्धत उद्योगांपर्यंत नेली. आपल्या किनाऱ्यावर अडतं ते त्याच्या आधीच. साल काही तासांत सडू लागते, सोलणाऱ्या बायका ठिकठिकाणी विखुरलेल्या, आणि जून-जुलैत मासेमारी बंद. कारखान्याला माल बाराही महिने हवा.

यावर एक उपाय जिवाणूंचा आहे. ताज्या सालीत थोडी मळी आणि दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद घालून पिंप झाकून ठेवायचं. लॅक्टिक आम्ल चुनखडी विरघळवतं, सालीतलेच विकर (एन्झाइम) प्रथिनं तोडतात, आणि आम्लामुळे सडणं थांबतं. प्रथिनांचा रस पशुखाद्याला चालतो. जखमेच्या पट्टीइतकं शुद्ध कायटिन असं मिळत नाही. थोडा चुना, थोडी प्रथिनं उरतातच. पण पुढच्या पायरीला आम्ल आणि कॉस्टिक कमी लागतं, आणि माल बंदरावरून कारखान्यापर्यंत न सडता पोचतो.