एवढ्याशा देहातून एवढा आवाज

फ्रान्सच्या दक्षिणेला सेरिन्यां नावाच्या गावात जाँ-आंरी फाब्र हे कीटकशास्त्रज्ञ राहत. त्यांच्या दारासमोरच्या उंच झाडांवर उन्हाळाभर सिकाडा नावाच्या किड्यांचा कल्ला चाले. एवढा आवाज करणाऱ्या किड्याला स्वतःला ऐकू तरी येतं का, हे पाहायला त्यांनी गावाच्या उत्सवात उडवतात त्या उखळी तोफा मागवल्या. काचा फुटू नयेत म्हणून घराच्या खिडक्या उघडून ठेवल्या आणि झाडाखाली तोफ डागली. वर कोणी हललं नाही की गप्प बसलं नाही. दुसरी तोफ डागली, तरी तेच. सिकाडा ठार बहिरा नसला तरी त्याला फारच कमी ऐकू येत असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

तो चुकला. सिकाडाला कान असतात, पोटाच्या सुरुवातीला, आणि ते त्याच्या जातभाईंच्या आवाजाच्या पट्टीला लागलेले असतात. तोफेचा धडाका बराचसा खालच्या पट्टीतला. आपल्याला दचकवणारा तो आवाज सिकाडाच्या जगात जवळजवळ नव्हताच.

सह्याद्रीत मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधीच्या उकाड्यात, भर दुपारी रान दणाणून सोडतात ते बहुतेक हेच. अनेक जण त्यांना रातकिडे समजतात, पण रातकिड्यांशी त्यांचं जवळचं नातं नाही. ते मावा, तुडतुडे आणि ढेकूण यांच्या गणातले. झाडाचा रस शोषून जगणारे. आवाज काढण्याची त्यांची रीतही निराळी आहे. नराच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना बरगड्या असलेला एकेक ताठ पडदा असतो. आतला स्नायू आखडला की पडदा आत दबतो, एकेक बरगडी टक्‌टक्‌ करत वाकते. स्नायू सैल पडला की पडदा परत बाहेर उसळतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं आणि आपल्या कानाला ती सलग किंकाळी वाटते. नराचं पोट जवळपास पोकळ असतं, आणि आवाज त्या पोकळीत घुमून मोठा होतो. ऑस्ट्रेलियातल्या एका हिरव्या सिकाडावर बेनेट-क्लार्क आणि डेव्हिड यंग यांनी केलेल्या अभ्यासात तर असं दिसलं, की घुमलेला आवाज बाहेर पडतो तो त्याच्या कानाच्या पडद्यांतून. ज्यानं ऐकायचं त्यानंच ओरडायचं!

   

पोकळ पोटाची ही युक्ती का लागते, यात खरी गोम आहे. लहान वस्तूतून मोठा आवाज काढणं भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं फार अवघड काम आहे. रातकिड्याकडे पाहू. त्याच्या एका पुढच्या पंखाखाली बारीक दातांची शीर असते, दुसऱ्या पंखाच्या कडेला कठीण धार असते. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तशी ती धार दातांवरून फिरते आणि पंखाचा पातळ भाग थरथरतो. हे काम फक्त नर करतात. बहुतेक रातकिड्यांत उजवा पंख वर असतो. गवतातल्या लांब मिशांच्या हिरव्या नाकतोड्यांत डावा. दोघांचेही कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली.

आता अडचण अशी. पंख थरथरतो तेव्हा त्याच्या एका बाजूची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूची विरळ होते. पंख मोठा असता तर प्रश्न नव्हता. पण ३,००० हर्ट्‌झच्या आवाजाची लहर सुमारे ११ सेंटिमीटर लांब, आणि पंख जेमतेम एक सेंटिमीटरचा. तेव्हा दाबलेली हवा पंखाच्या कडेवरून सरळ पलीकडे जाऊन तिथली पोकळी भरून काढते. दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात. किडा जीव तोडून पंख घासतो, आणि त्या मेहनतीतला मोठा वाटा लांब पोचण्याआधीच कडेला विरतो. स्पीकर उघडा न ठेवता खोक्यात बसवतात तेही याच कारणानं.

यावर एका किड्यानं काढलेला तोडगा मला सगळ्या कीटकविश्वात सर्वांत हुशारीचा वाटतो. झुडपांवर राहणारे फिकट हिरवे, नाजूक रातकिडे असतात. त्यांतल्या काही जातींचे नर पान कुरतडून त्याला मधोमध भोक पाडतात, भोकातून अर्धवट बाहेर येतात, पंख पानाला टेकवून पसरतात आणि गायला लागतात. पान आडवं आल्यानं पुढची हवा मागे जाऊ शकत नाही. तेवढ्याच मेहनतीत आवाज कितीतरी मोठा होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीत हे पहिल्यांदा १९७५ मध्ये नोंदलं गेलं. भारतात ईकॅन्थस हेन्रायी या जातीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या प्रयोगशाळेनं बरीच वर्षं काम केलं. हा किडा कर्नाटकातल्या माळरानांवर माजलेल्या हिप्टिसच्या झुडपांत मुबलक सापडतो.

नताशा म्हात्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की हे भोक काही कसंतरी पाडलेलं नसतं. लहान आणि मोठं पान समोर ठेवलं तर नर मोठं निवडतो. भोक पंखांच्या मापाचं आणि पानाच्या मध्याजवळ पाडतो. गणितानं काढलेली सर्वांत चांगली जागा आणि सर्वांत चांगलं माप, दोन्ही हेच येतात. याला हत्यार म्हणायचं की नाही, यावर वाद घालता येईल. काडीची पानं ओरबाडून तिनं वाळवी काढणाऱ्या चिंपांझीला आपण कौतुकानं हत्यारबंद म्हणतो, मग हा किडा काय वाईट?

तरीही सगळेच नर पान भोकत नाहीत. २०२० मध्ये बंगळूरच्याच गटानं याचं उत्तर दिलं: ही युक्ती जास्त करून वापरतात ते अंगानं लहान किंवा आवाजानं मऊ असलेले नर. माद्यांना मोठा आवाज आवडतो. धिप्पाड नराकडे तो आधीच असतो. किरकोळ नर पानाच्या जोरावर त्याच्या बरोबरीला येतो, मादी त्याच्याकडे येते, आणि खरं माप कळायला तिच्याकडे तेव्हा फारसा मार्ग नसतो.

जमिनीत बिळं करणारे रातकिडे हेच काम मातीकडून करवून घेतात. बेनेट-क्लार्क यांनीच १९७० मध्ये फ्रान्समधल्या अशा एका जातीचं वर्णन केलं. तिचा नर बिळाचं तोंड दोन कर्ण्यांच्या आकाराचं खणतो, आतल्या भिंती गुळगुळीत करतो आणि कर्ण्यांच्या मुळाशी बसून गातो. शांत संध्याकाळी हा आवाज ६०० मीटरवरून ऐकू येतो.

रातकिडे थंडरक्ताचे, त्यामुळे हवा तापली की त्यांचा ठेका जलद होतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एमॉस डॉलबेअर यांनी १८९७ मध्ये त्याचं सूत्रच मांडलं. सेल्सिअसमध्ये ते साधारण असं: मिनिटातली किरकिर मोजा, तीतून ४० वजा करा, सातानं भागा, त्यात १० मिळवा. ११० वेळा किरकिर झाली तर तापमान २० अंश. पुण्यातल्या बागेत मात्र हे करून पाहू नका. सूत्र अमेरिकेतल्या एका जातीचं आहे आणि प्रत्येक जातीचा हिशोब वेगळा.

आकाराच्या मानानं सर्वांत मोठ्या आवाजाचा मान ज्याला देतात तो पाण्यातला आहे. मायक्रोनेक्टा शोल्ट्‌झी हा युरोपातल्या तळ्यांत राहणारा, जेमतेम दोन मिलिमीटरचा किडा. २०११ मध्ये त्याच्या आवाजाचं शिखर ९९.२ डेसिबल मोजलं गेलं, सरासरी ७८.९. आवाज काढायला तो जननेंद्रियाचा एक भाग पोटावर घासतो. बातम्यांनी याचीच जास्त चर्चा केली, आणि ९९ डेसिबल म्हणजे धडधडत जाणारी आगगाडी असंही छापलं. ते जरा अतिच झालं. पाण्यातल्या आवाजाची हवेतल्या आवाजाशी अशी थेट तुलना करता येत नाही, आणि पाण्यातून हवेत येताना त्यातला जवळजवळ सगळा आवाज पाण्यातच राहतो. एवढं होऊनही काठावर चालणाऱ्या माणसाला तो ऐकू येतो, हे मला आगगाडीपेक्षा नवलाचं वाटतं.

आता कोळी. आठ पायांचा हा प्राणी कीटक नव्हे, आणि त्याला कानही नाहीत. त्याच्या पायांवर अतिशय बारीक केस असतात, हवा किंचित हलली तरी लवणारे. आणि कवचात सूक्ष्म फटी असतात, ज्यांना पायाखालची थरथर कळते. दूरचा आवाज त्याला ऐकू येत नाही, असंच सगळे धरून चालले होते. कॉर्नेल विद्यापीठात उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या मेंदूत सूक्ष्म तार घालून त्यांच्या नजरेचा अभ्यास चालला होता. तेव्हा संशोधकाची खुर्ची कुरकुरली आणि यंत्रावर मेंदूतली पेशी खडखडली. मग टाळ्या वाजवून पाहिल्या, लांब सरकत गेले. तीन मीटरच्या पलीकडूनही पेशी उत्तर देत राहिली. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. कोळ्यांना ८० हर्ट्‌झच्या आसपासचे खालचे सूर विशेष कळत होते, आणि त्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या पंखांची घरघर याच पट्टीत असते. सूर ऐकला की कोळी जागच्या जागी थिजत.

आवाज काढणाऱ्या कोळ्यांची कथा मात्र आपल्याकडे फार आधी सुरू झाली. आसाममध्ये शिवसागरला सॅम्युअल पील नावाचे चहामळेवाले होते. त्यांना एक भलामोठा केसाळ कोळी चिडला की आवाज करताना आढळला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले जेम्स वुड-मेसन यांनी १८७७ मध्ये त्याचं वर्णन केलं. आज तो कायलोब्रॅकिस या प्रजातीत मोडतो. त्याच्या जबड्याच्या बाजूला कडक काटे असतात आणि शेजारच्या अवयवाच्या आतल्या अंगावर ताठ दांड्यांची रांग. दोन्ही एकमेकांवर घासले की खरखर होते. हे साधन नर आणि मादी दोघांकडेही असतं, म्हणजे हा प्रणयाचा आवाज नव्हे. मागे हो, असं दुसऱ्याला बजावणारा आहे. याच प्रजातीतले कोळी पश्चिम घाटातही आहेत. बिळाशी काडी घालणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

प्रणयासाठी आवाज करणारेही कोळी आहेत, पण ते हवेवर विसंबत नाहीत. अमेरिकेतल्या एका लांडगा-कोळ्याचा नर वाळलेल्या पानावर उभा राहून पान थरथरवतो. माणसाला ती गुरगुर हातभर अंतरावरून ऐकू येते. मादीही दुसऱ्या पानावर असेल तरच तिला काही कळतं. पायाखाली न थरथरणारं काही असलं तर नराचं सगळं गाणं वाया. आणि यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्या घरात भिंतीवर बसणारा, हाताच्या पंजाएवढा चपटा कोळी, झुरळं खाणारा, ज्याला पाहून अर्धं घर केरसुणी शोधतं, तोही गुणगुणतो. नर पायांच्या चिकट टोकांनी भिंत घट्ट धरतो आणि पाय वेगानं थरथरवतो. जेरोम रोव्हनर यांनी १९८० मध्ये याचं वर्णन केलं. केरसुणी उचलण्याआधी त्याला पाच मिनिटं द्यायला हरकत नाही.

इतकी खटपट करून आवाज मोठा केला, की तो नको त्याच्याही कानी पडतो. ऑर्मिया ओक्रेशिया नावाची एक माशी रातकिड्याचं गाणं ऐकून रात्री त्याला शोधते आणि त्याच्यावर अळ्या सोडते. अळ्या आत शिरून त्याला आतून खातात; आठवडाभरात किडा मरतो. लहान देहाची अडचण या माशीलाही आहे. तिच्या दोन कानांत अंतर अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे एका कानाला आवाज आधी पोचतो तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट इतकाच. एवढ्या फरकावरून दिशा ओळखणं अशक्यच वाटावं. पण तिच्या कानांचे पडदे एका ताठ पुलानं जोडलेले असतात. तो एका टोकाला दबला की दुसरीकडे वेगळा हलतो आणि फरक अनेक पटींनी वाढतो. माशी दोन अंशांच्या आत नेम धरते. हा कान पाहून अभियंत्यांनी श्रवणयंत्रांसाठी चिमुकले मायक्रोफोन बनवले.

ही माशी उत्तर अमेरिकेतून हवाई बेटांवर पोचली, आणि तिथले रातकिडे मरू लागले. कवाई बेटावर जीवशास्त्रज्ञ मार्लीन झुक नव्वदच्या दशकात दर वेळी जात तेव्हा आवाज कमी कमी होत चाललेला असे. २००३ मध्ये आवाज जवळपास थांबला होता, पण विजेरी घेऊन पाहिलं तर रातकिडे भरपूर. ९० टक्क्यांहून अधिक नरांच्या पंखांवर दातांची शीर आणि थरथरणारा भाग उरलेच नव्हते. पंख मादीसारखे सपाट झाले होते. एका जनुकीय बदलानं वीसपेक्षा कमी पिढ्यांत हे घडलं. मग जोडीदार कसा मिळे? हे मुके नर उरल्यासुरल्या गाणाऱ्या नराच्या आसपास दबा धरून बसत आणि त्याच्याकडे निघालेल्या मादीला वाटेतच गाठत.

पुढे मोलोकाई बेटावर रॉबिन टिंगिटेला यांच्या गटाला आणखी तिसराच प्रकार सापडला. तिथले काही नर किरकिर करत नाहीत, मुकेही नाहीत. मांजरासारखं हलकं घुरघुरतात. पंखांची रचना बदलून निघालेला हा सूर जवळून मादीला कळतो, आणि माशीला मात्र त्याचा माग काढणं अवघड जातं.