एंटर दाबला आणि फोन नंबर गेले

ओळखीतल्या एका वाचनालयासाठी मी जँगोत (पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा) छोटं सॉफ्टवेअर करून दिलं होतं, आणि एक दिवस त्यातले सगळ्या सभासदांचे फोन नंबर मीच उडवले. काही हॅकबिक नाही, एक एंटर दाबला बस.

आधी मॉडेल म्हणजे काय ते सांगतो. डेटाबेसमध्ये माहिती टेबलात असते, आडव्या ओळी, उभे कॉलम, रेशन दुकानाच्या रजिस्टरसारखं. जँगोत हे टेबल तुम्ही पायथॉनच्या क्लासमध्ये लिहायचं: सभासद नावाचा एक क्लास, त्यात नाव, पत्ता, फोन अशी एकेक ओळ म्हणजे एकेक कॉलम. हा क्लास म्हणजेच मॉडेल. आयडीचा कॉलम तर तो स्वतःच जोडतो. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा, हाताने लिहायची गरज जवळपास संपते.

पण क्लासमध्ये बदल केला म्हणून खालचं टेबल बदलत नाही, आणि नवे लोक इथेच हमखास अडकतात. मेकमायग्रेशन्स ही कमांड दिली की जँगो काय बदललं ते शोधून एका फाइलमध्ये लिहितो (हिलाच मायग्रेशन म्हणतात), मग मायग्रेट दिलं की ती फाइल डेटाबेसवर चालते आणि कुठली फाइल चालून झाली याची नोंदही एका वेगळ्या टेबलात पडते. यातली गंमत म्हणजे बदल शोधताना तो खऱ्या टेबलाकडे बघतच नाही! जुन्या मायग्रेशन फायली ओळीने वाचून आधीचं चित्र मनात उभं करतो आणि ते आत्ताच्या क्लासशी ताडून बघतो. म्हणजे कोणी परस्पर डेटाबेसमध्ये जाऊन कॉलम बदलला तर याला पत्ताच नाही.

आता माझा पराक्रम. 'फोन' हे नाव बदलून मी 'मोबाइल' केलं. जँगोने विचारलं, फोनचंच नाव मोबाइल केलंय का, हो की नाही? मी घाईत, नुसता एंटर मारला, आणि तिथे नुसत्या एंटरचा अर्थ 'नाही' असा होतो. मग त्याच्या दृष्टीने फोन हा कॉलम काढून टाकलेला आणि मोबाइल हा नवा कोरा कॉलम. फोन देणं ऐच्छिक ठेवलं होतं आणि रिकामं चालतं म्हटल्यावर नव्या कॉलमात काय भरू हेही त्याने विचारलं नाही. नाव आणि कॉलमची लांबी (किती अक्षरं मावतात ती) एकदम बदलली असती तर तो पहिला प्रश्नसुद्धा आला नसता, कारण बाकी सगळं जसंच्या तसं असेल तरच त्याला नाव बदलल्याची शंका येते.

मायग्रेशन उलटं फिरवता येतं हे खरं, मी फिरवलंही. कॉलम परत आला, आतला माल नाही.

तरी आपण सुखात आहोत म्हणायचं. जँगो 2003 मध्ये अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी करायला घेतला, 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. तेव्हा तो नवी टेबलं बनवून द्यायचा पण असलेल्या टेबलाला हात लावायचा नाही, ते काम तुमचं. मग अँड्र्यू गॉडविनचं साउथ नावाचं वेगळं टूल लोक वापरायला लागले, आणि 2014 मध्ये 1.7 आवृत्तीत मायग्रेशन थेट जँगोतच आलं, तेही गॉडविननेच केलेलं.

दुसरी एक जागा जपायची. देवघेवीची नोंद पुस्तकाला जोडलेली असते, मग पुस्तकच डिलीट केलं तर त्या नोंदींचं काय? पूर्वी काही सांगितलं नाही तर जँगो त्याही मुकाट्याने पुसायचा, 2.0 पासून मात्र ते लिहावंच लागतं. कॅस्केड म्हणजे सगळं पुसा, प्रोटेक्ट म्हणजे नोंदी असेपर्यंत पुस्तक पुसूच देऊ नका. वाचनालयात मी डोळे झाकून प्रोटेक्ट लावतो. आणि दंडाची रक्कम फ्लोटमध्ये (यात अपूर्णांक अंदाजे साठतो) ठेवू नका रे, डेसिमल (यात नेमका साठतो) वापरा, पैशाचा हिशोब चुकला की लोक काउंटरवर भांडतात.

हल्ली मायग्रेट करण्याआधी मी फाइल उघडून वाचतो. रिमूव्ह फील्ड दिसलं की थांबायचं, रीनेम फील्ड दिसलं तर पुढे. मनात शंका असेल तर एसक्यूएल-मायग्रेट द्यायचं, काहीही न चालवता नेमकं कुठलं एसक्यूएल चालणार ते दिसतं.

नंबर आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून मिळाले. त्या दिवशी सकाळी नाव नोंदवलेले दोघं तेवढे राहिले, ते पुस्तक बदलायला आले तेव्हा परत विचारून घेतले.