ट्रकचे इंजिन : डिझेल व ऑइलची निवड

ट्रकच्या डिझेल इंजिनाचा टिकाऊपणा बराचसा तीन द्रवांवर अवलंबून असतो : डिझेल, इंजिन ऑइल आणि बीएस-६ (भारत स्टेज, म्हणजे देशाच्या प्रदूषण-मर्यादांचा सहावा टप्पा) गाड्यांत धूर-शुद्धीसाठी लागणारे यूरियाचे द्रावण. चुकीच्या द्रवाने इंजिन त्याच दिवशी क्वचितच बंद पडते. रॉकेल मिसळलेले डिझेल काही महिन्यांनी पंप खाते आणि जुन्या प्रतीचे ऑइल हजारो किलोमीटरनंतर धुराचा फिल्टर बुजवते. तोवर गाडी चार गॅरेज फिरून आलेली असते, आणि दोष डिझेल फवारणाऱ्या नोझलवर किंवा सेन्सरवर टाकला जातो. म्हणून वारंवार तेच नोझल बदलावे लागत असेल, तर आधी टाकीतले डिझेल आणि चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठणारे, ऑइल तपासावे.

भारतात या विषयाला २०१७ आणि २०२० ही वर्षे वळण देणारी ठरली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ डिझेल आले आणि गंधकाचे कमाल प्रमाण ३५० वरून ५० पीपीएमवर (दहा लाख भागांत ५० भागांवर) उतरले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये ते १० पीपीएम झाले. डिझेलमधल्या गंधकापासून जळताना आम्ल बनते आणि ते लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) व पिस्टनच्या रिंगा कुरतडते. ते मारण्यासाठी जुन्या ऑइलमध्ये कॅल्शियमयुक्त क्षारीय द्रव्ये भरपूर घालत. ही द्रव्ये जळाली की राख उरते. जुन्या गाडीत ती राख सायलेन्सरवाटे निघून जाई, बीएस-६ गाडीत ती धुराच्या फिल्टरमध्ये, म्हणजे डीपीएफमध्ये, अडकते. आता गंधक जवळजवळ नाही, पण राख मात्र शत्रू झाली आहे. आजही अनेक गॅरेजांत बीएस-३ आणि बीएस-६ गाड्यांना एकाच बॅरलमधून ऑइल भरतात. आजच्या अनेक बिघाडांचे मूळ या एका सवयीत आहे.

डब्यावरचा १५डब्ल्यू-४० हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. थंडीत ऑइल किती सहज फिरते ते पहिल्या आकड्यावरून कळते आणि १०० अंश सेल्सियसला ते किती दाट राहते ते दुसऱ्यावरून. ४० दर्जाच्या ऑइलचा दाटपणा त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) असतो. गुणवत्ता कळते ती एपीआय या अमेरिकी संस्थेने दिलेल्या प्रतीच्या अक्षरांवरून. सीएच-४ ही १९९८ ची, सीआय-४ ही २००२ ची, तर सीके-४ ही डिसेंबर २०१६ ची प्रत. सीआय-४ हे धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या, म्हणजे ईजीआर असलेल्या, इंजिनांतली वाढीव काजळी पेलण्यासाठी आले. सीआय-४ नंतरच्या सीजे-४ या प्रतीपासून राख वजनाच्या १ टक्क्यावर, फॉस्फरस ०.१२ टक्क्यावर आणि गंधक ०.४ टक्क्यावर रोखले गेले. सीके-४ मध्ये हीच बंधने कायम असून ऑइल तापून लवकर खराब न होण्याचा गुण वाढवलेला आहे. एकाच दाटपणाचे दोन डबे शेजारी ठेवले, एक सीएच-४ आणि एक सीके-४, तर बोटाने चोळून फरक कळत नाही. मेस्त्रीचा हातही इथे चालत नाही, लेबल वाचावेच लागते. सीके-४ जुन्या गाडीत चालते, सीएच-४ किंवा सीआय-४ बीएस-६ गाडीत चालत नाही. ज्याच्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत त्याने एकच बॅरल ठेवायचे असेल तर ते सीके-४ चे ठेवावे. लिटरमागे पैसे जास्त जातात, पण डीपीएफच्या किमतीपुढे ते नगण्य आहेत. तरीही कंपनीच्या पुस्तिकेत स्वतःचा वेगळा दर्जा दिला असेल तर तोच अंतिम.

डीपीएफमध्ये काजळी आणि राख अशा दोन गोष्टी साठतात. काजळी जाळून काढता येते. त्यासाठी इंजिन जादा डिझेल वापरून धुराचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते. यालाच रीजनरेशन म्हणतात. राख मात्र जळत नाही. ती फिल्टर काढून साफ करूनच जाते. काही इंजिनांत हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा फवारतात. त्यातले थोडे लायनरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरते. शहरात थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीचे रीजनरेशन पुन्हा पुन्हा अर्धवट तुटले की ऑइल पातळ होते. गेज पट्टीवर ऑइल वाढलेले दिसले, तर त्याचा अर्थ चेंबरमध्ये डिझेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) उतरतो आहे. अशी गाडी पुढे नेल्यास आधी बेअरिंग जाते, मग क्रँक. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी किंवा कूलंट आहे असे समजावे.

ऑइल किती किलोमीटरने बदलायचे याचे एकच उत्तर नाही. महामार्गावर भरधाव धावणाऱ्या गाडीसाठी दिलेला आकडा खाणीतल्या टिपरला किंवा काँक्रीट मिक्सरला लावू नये. या गाड्या उभ्या राहून इंजिन चालवतात, मीटर पुढे सरकत नाही आणि काजळी मात्र साठत राहते. ढोबळ हिशेबाने उभ्या इंजिनाचा एक तास ४० ते ५० किलोमीटरइतका धरतात. मोठ्या ताफ्यांसाठी जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देणे हाच खात्रीचा मार्ग. त्यात सिलिकॉन वाढले तर एअर फिल्टरमधून धूळ शिरते आहे, लोह वाढले तर लायनर झिजतो आहे, शिसे आणि तांबे एकदम वाढले तर बेअरिंग खाल्ले जात आहे.

बदलताना इंजिन कोमट असावे, गाडी सपाट जागी असावी आणि जुने ऑइल किमान १५ मिनिटे गळू द्यावे. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घ्यावा आणि फिल्टर ऑइलबरोबरच बदलावा. भरून झाल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन चालवावे, बंद करून दहा मिनिटांनी पट्टी पाहावी. खुणेच्या वर भरणे हाही दोषच : क्रँक ऑइल घुसळते, फेस येतो आणि ऑइलचा दाब घटतो. रिकामे डबे फोडून टाकावेत, कारण जुने ऑइल गाळून नामांकित डब्यांत भरून विकणारे असतात.

डिझेलकडे वळताना एक गोष्ट लक्षात घ्यावी : ते इंधनही आहे आणि वंगणही. इंजिनाला डिझेल दाबाने पुरवणाऱ्या जुन्या इनलाइन पंपाचा कॅमशाफ्ट इंजिन ऑइलमध्ये फिरे. रोटरी पंप आणि आजचे बरेचसे कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबनळीतून डिझेल देणारे) पंप मात्र पूर्णपणे डिझेलनेच भिजतात. कॉमन रेलमध्ये दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या भागांतले अंतर अवघे दोन-चार मायक्रॉन असते. रॉकेल पातळ असल्याने त्यांच्यातला वंगणाचा थर तुटतो. डिझेलची वंगणक्षमता भारतीय मानकाने (आयएस १४६०) ठरवून दिलेली आहे : प्रमाणित चाचणीत झिजेची खूण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठी नसावी. त्यामुळे प्रमाणित डिझेलमध्ये 'पंप वाचवायला' टू-स्ट्रोक ऑइल घालण्याची गरज नाही. त्याची राखही शेवटी डीपीएफमध्येच जाते.

पेट्रोल पंपावर डिझेलची घनता तपासायची तर हायड्रोमीटर आणि थर्मामीटर मागून घ्यावे. घनता १५ अंशांना नेऊन पाहायची असते. ३२ अंशांना ०.८२० आली, तर १५ अंशांना ती सुमारे ०.८३२, म्हणजे घनमीटरमागे ८३२ किलो, होते. पंपाने नोंदवलेल्या आकड्यापेक्षा घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर संशय घ्यावा. पण या चाचणीची मर्यादा आहे. ८३२ किलोच्या डिझेलमध्ये ८०० किलोचे रॉकेल १० टक्के मिसळले, तरी घनता ८२८.८ येते, म्हणजे जेमतेम सीमेच्या बाहेर. त्याहून कमी भेसळ घनतेवरून सापडत नाही. हायवेवर स्वस्तात मिळणारे 'बायोडिझेल' हा आणखी मोठा धोका, कारण त्यात नेमके काय असते हे विकणारालाही सांगता येत नाही.

पाणी हे भेसळीइतकेच घातक आहे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रात्रभर अर्धी रिकामी टाकी ठेवली की आतल्या दमट हवेचे पाणी होऊन तळाशी बसते. त्यावर जिवाणूही वाढतात आणि काळा चिकट थर फिल्टर बुजवतो. मुक्कामी टाकी भरून ठेवावी आणि वॉटर सेपरेटरचे पाणी रोज सकाळी सोडावे. नवा डिझेल फिल्टर कॅनमधून ओतून भरू नये : ओतलेले डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला थेट जाते आणि कणांसह इंजेक्टरकडे पोचते. हँड प्रायमरनेच (डिझेल ओढणाऱ्या हातपंपानेच) हवा काढावी.

लडाखसारख्या थंडीत डिझेलमधले मेण गोठून फिल्टर अडतो. पूर्वी चालक त्यात रॉकेल मिसळत. नोव्हेंबर २०१९ पासून इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. तेच भरावे.

यूरियाच्या द्रावणात यूरिया ३२.५ टक्के असतो, बाकी खनिजरहित पाणी. शेतीचा यूरिया नळाच्या पाण्यात कालवून भरल्यास कॅल्शियम आणि इतर क्षार धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकावर बसतात आणि ते परत निघत नाहीत. द्रावण उन्हात ठेवू नये. ३० अंशांच्या वर साठवल्यास त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. चुकून त्या टाकीत डिझेल पडले तर गाडी सुरू करू नये. चावीही न फिरवता टाकी उतरवून धुवावी, कारण एकदा पंपाने ते खेचले की यूरिया पंप, नळ्या आणि फवारणीचा नोझल सगळेच बदलावे लागू शकतात.