‘दोन इंची’ म्हणजे नेमके किती? छोट्या टर्बो इंजिनाच्या एक्झॉस्ट नळीची पार्श्वभूमी

एक लिटरच्या आसपासची टर्बो पेट्रोल गाडी (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) आता संभाजीनगरपासून उदगीरपर्यंत कुठेही दिसते. वॉरंटी संपत आली की त्यांतला एखादा मालक गॅरेजमध्ये येऊन विचारतोच, ‘नळी किती इंची टाकू?’ तिथे दोन तट पडतात. एक म्हणतो, अडीचच्या खाली बोलूच नका. दुसरा म्हणतो, सायलेन्सर मोकळा केला की गाडीचा दम जातो. दोघेही उगाच बोलत नाहीत, पण दोघांची शिकवणी टर्बोवर झालेली नाही.

टर्बोचा दूरचा इतिहास दोन ओळींत आटपतो. 1905 साली एका स्विस अभियंत्याने त्याचे पेटंट घेतले आणि 1962 साली अमेरिकेत पहिल्या टर्बो मोटारी विक्रीला आल्या. आपल्या भागाचा धागा सुरू होतो तो दुचाकीपासून. संभाजीनगरजवळच्या वाळूजचा दुचाकींचा कारखाना 1985 पासून चालू आहे, आणि इथल्या मिस्त्रींची एक अख्खी पिढी टू-स्ट्रोकवर घडली. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. नळीच्या निमुळत्या टोकावरून परतलेली दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. ती नळी कापली की पिकअप खरोखरच जातो. म्हणजे ‘बॅक प्रेशर (धुराला मागे रेटणारा नळीतला दाब) लागतोच’ हे दुसऱ्या तटाचे वाक्य अनुभवातून आलेले होते. फक्त ते ज्या इंजिनाचे होते, त्याला सोडून पुढच्या सगळ्या इंजिनांना चिकटले.

टर्बोत गणित उलटे होते. सिलिंडरातून सुटलेल्या धुराचे ठोके टर्बाइनच्या पंख्यावर आदळून विरतात. त्यापुढच्या नळीत लाट जुळवण्यासारखे फारसे काही उरत नाही. पंखा फिरतो तो अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांच्या फरकावर. पलीकडचा दाब जितका कमी, तितका पंखा लवकर उचलतो. म्हणून टर्बोच्या आधीचा भाग आखूड आणि बेताचा, नंतरचा मोकळा. ‘नळी’ हा एकच शब्द दोन्ही भागांना वापरला की वाद मिटत नाही, हेही खरे.

पण खरा घोळ ‘इंच’ या शब्दात आहे, आणि तो मराठवाड्यात जरा जास्तच आहे, कारण इथे माणूस नळी ओळखायला शिकतो ती विहिरीवर.

शेतात ‘दोन इंची’ म्हणजे 63 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप. अडीच म्हणजे 75, तीन म्हणजे 90. हार्डवेअरच्या दुकानात दोन इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, मागितला तर बाहेरून 60.3 मिलिमीटर भरणारा पाइप मिळतो. तिथला ‘दोन’ हा आकडा नावापुरता असतो. मध्यम जाडीच्या पाइपात आतली मोकळी जागा 53 च्या आसपास येते. आणि एक्झॉस्टच्या धंद्यात दोन इंची म्हणजे बाहेरून काटेकोर 50.8. दीड मिलिमीटर पत्रा दोन्ही बाजूंनी वजा केला की आत उरतात 47.8. एकाच नावाचे तीन पाइप झाले. त्यांतल्या जीआय पाइपाची आतली वाट एक्झॉस्टच्या नळीपेक्षा जवळपास पाव हिश्शाने मोठी. एकाने ‘दोन इंचीत काही फरक पडला नाही’ आणि दुसऱ्याने ‘दोन इंचीत गाडी उडाली’ म्हटले, तर दोघे वेगवेगळ्या नळ्यांबद्दल बोलत असण्याची शक्यता बरीच. (जीआय मुळात या कामाला वापरूच नये. त्यावरचे जस्त वेल्डिंगला जळते आणि त्या धुराने वेल्डरला रात्री थंडीताप भरतो. तरी वापरला जातोच.)

घोळात भर घातली भंगाराने. दूध, औषधे आणि बिअर यांच्या कारखान्यांत वापरली जाणारी स्टेनलेसची नळी बाहेरच्या व्यासावर मोजली जाते : 38.1, 50.8, 63.5. चिकलठाणा-वाळूजकडे अशा कारखान्यांची कमतरता नाही. तिथली उतरवलेली नळी एक्झॉस्टला चपखल बसते, कारण मोजायची रीत एकच. मात्र 50.8 नंतरचे माप थेट 63.5. मधली सव्वादोन इंची, म्हणजे 57 मिलिमीटरची, त्या मापांत नाहीच. ‘दोन नको तर अडीच’ ही सवय इंजिनाच्या गरजेपेक्षा अशा ढिगाऱ्यातून पडली असावी, असे माझे मत.

आणि सव्वादोनच तर या इंजिनांना मानवते. अमेरिकी ट्यूनरांचा जुना ठोकताळा असा : प्रत्येक अश्वशक्तीमागे मिनिटाला 2.2 घनफूट धूर, आणि नळीच्या आतल्या दर चौरस इंचातून 115 घनफूट सुखाने जातो. यावरून दीड मिलिमीटर पत्र्याची दोन इंची नळी साधारण 145 अश्वशक्तीपर्यंत पुरते, सव्वादोन 185 पर्यंत. एक लिटरची टर्बो पेट्रोल इंजिने कंपनीतून 100 ते 120 देतात. वायरिंगला हात न लावता नुसते रिमॅप केले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून ताकद वाढवली, तरी सव्वादोनला धाप लागत नाही.

दोन सुतांनी, म्हणजे पाव इंचाने, काय होणार, असे वाटते खरे. पण ज्याने विहिरीपासून लांबच्या रानापर्यंत पाइपलाइन टाकली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तेवढाच प्रवाह नेताना घर्षणात जाणारा दाब व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो. दोनची सव्वादोन केली की तो 45 टक्क्यांच्या आसपास उतरतो. अडीचची तीन केली की याहून जास्त टक्के उतरतो, पण कशातून? जवळपास काहीच नसलेल्यातून. मिळतो तो आवाज, आणि गतिरोधकावर घासणारी खालची नळी.

शिवाय वाकण. वाळू भरून, तापवून वाकवलेली नळी गोल राहते. घाईत दाबून वाकवलेली चपटी होते, आणि मग अडीच इंचीच्या बिलात मालक सव्वादोनचीच वाट विकत घेतो. हे कॅलिपर लावल्याशिवाय कळत नाही.

टर्बो पेट्रोलची हौस इथे उशिरा आली. शेंद्र्याच्या कारखान्यात 2001 पासून एका चेक कंपनीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. 2004 मध्ये त्याच कंपनीने 1.8 लिटर, 150 अश्वशक्तीची टर्बो पेट्रोल सेदान विकायला काढली. मात्र गावोगाव टर्बो पोचवला तो डिझेलने. 2007 पासून छोट्या हॅचबॅकमध्ये आलेले 1248 सीसीचे, 75 अश्वशक्तीचे इटालियन बनावटीचे इंजिन पुढे अर्धा डझन गाड्यांत बसले. लातूर-नांदेडच्या गॅरेजवाल्यांनी ‘टर्बोनंतर मोकळे’ हा धडा बहुधा त्यावरच गिरवला. पेट्रोलची लाट त्यानंतरची, 2010 चे दशक निम्मे उलटल्यावर.

नंतर नियमांनी नळीचा अर्धा भाग हातातून काढून घेतला. धुराच्या प्रदूषणाचे बीएस-4 नियम देशभर एप्रिल 2017 मध्ये आले आणि बीएस-6 एप्रिल 2020 मध्ये. नव्या पेट्रोल इंजिनांत कॅटकॉन (धुरातले विषारी वायू निवळवणारा डबा) टर्बोला जवळजवळ चिकटून बसतो, कारण तो लवकर तापायला हवा. डिझेलमध्ये काजळीच्या गाळणीच्या अलीकडचा-पलीकडचा दाब सेन्सर मोजतो. मधेच नळी बदलली की डॅशबोर्डावर दिवा लागतो. म्हणजे जिथे मोकळेपणाचा खरा फायदा होता, टर्बोनंतरचा पहिला हातभर, तिथेच हात लावता येत नाही. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2019 च्या निर्णयाने निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार बेकायदा ठरवले, आणि त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने आवाज-धुराचा दंड 10,000 रुपयांपर्यंत नेला. नियमामागचे कारण रास्त आहे. पण धूर वाढवणारा फेरफार आणि गंजलेल्या नळीच्या जागी दोन सूत मोठी नळी, यांना एकाच मापाने मोजले जाते, हे गॅरेजवाल्यांचे गाऱ्हाणे मला खोटे वाटत नाही.

उरतो कॅटकॉनच्या मागचा भाग. तिथे पोचेपर्यंत धूर निवतो. 800 अंशांचा 400 वर आला की त्याचे आकारमान एकतृतीयांशाहून अधिक घटते, आणि मागची नळी पुढच्यापेक्षा एक माप लहान असली तरी तुंबत नाही. कंपनीने मागे बारीक नळी दिलेली पाहून ‘पैसे वाचवले’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यांतल्या फार थोड्यांनी धुराचे तापमान मोजलेले असते.